‘नंतर फोन करा’ असे म्हणू नका

एका निवृत्त मराठी शिक्षकांचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे :

“ताई, निवृत्तीनंतर घरात निवांत वाचन करावे अशी इच्छा होती, पण फोन वाचू देत नाही. कर्ज हवे का, विमा हवा का, कार्ड हवे का, जमीन हवी का, अशी विचारणा सकाळपासून सुरू होते. मी स्वभावाने भिडस्त आहे. ‘आत्ता जरा कामात आहे, नंतर फोन करा’ किंवा ‘मुलाशी बोलून कळवतो’ असे सांगून सुटका करून घेतो, आणि काही दिवसांनी पुन्हा तोच फोन येतो. मध्यंतरी मात्र माझा तोल गेला आणि फोनवरच्या एका मुलीला मी नको ते बोललो. ‘सॉरी सर’ म्हणून तिने फोन ठेवला. तेव्हापासून मन मला खाते आहे. दुसऱ्या एका नंबरवर रागाने उलट फोन केला, तर तो कोणा भलत्याच गृहस्थांचा निघाला. त्यांनी मला फोन केलाच नव्हता. टपालपेटी जाहिरातींनी भरते आणि त्यांत माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या नावाची पाकिटेही असतात. ईमेलबद्दल तर बोलायलाच नको. पत्नी म्हणते, ‘चिडता कशाला, गंमत करा.’ माझा भाचा तशी गंमत करतो : फोनवरच्या माणसाच्या बोलण्याची नक्कल करतो, खोटाच रस दाखवून त्याला बराच वेळ गुंतवून ठेवतो आणि शेवटी हसून फोन बंद करतो. घरातले सगळे हसतात, मला मात्र हसू येत नाही. अशी गंमत करणे योग्य आहे का? आणि तिचा काही उपयोग होतो का?”

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, पण भाच्याच्या पद्धतीने नव्हे’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण फोनच्या पलीकडे काय चालते हे समजल्याशिवाय कोणती गंमत कामाची आणि कोणती अंगाशी येणारी हे ठरवता येत नाही.

मोठ्या कॉल सेंटरमध्ये बहुतेक वेळा तुमचा नंबर कोणी माणूस लावत नाही. संगणक एकाच वेळी अनेक नंबर लावतो, त्यांतला जो उचलला जाईल तो मोकळ्या कर्मचाऱ्याकडे वळवतो, आणि त्या क्षणी त्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर तुमचे नाव येते. तुम्ही ‘हॅलो’ म्हटल्यावर पलीकडे जी क्षणभर शांतता असते, ती बहुधा या वळवण्याची असते. कधी एकही कर्मचारी मोकळा नसतो आणि तुम्ही धावत येऊन उचललेला फोन आपोआप बंद होतो. हा त्रास इतका नित्याचा आहे की अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेला त्यासाठी मर्यादा आखून द्यावी लागली : ग्राहकाचे ‘हॅलो’ पूर्ण झाल्यापासून २ सेकंदांत माणूस बोलला पाहिजे, आणि असे सोडून दिलेले फोन उचललेल्या फोनांच्या ३ टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. हे सांगण्याचे कारण एवढेच की, ज्या मुलीवर तुम्ही रागावलात तिने तुमची निवड केलेली नव्हती. यंत्राने ज्यांना तिच्यापुढे आणले त्यांपैकी तुम्ही एक होतात.

आता तुमच्या त्रासाच्या मुळाशी येते. प्रत्येक संभाषण संपताच कर्मचाऱ्याला पडद्यावरील ठरावीक पर्यायांपैकी एक निवडावा लागतो. या पर्यायांची नावे जागोजागी वेगळी असतात, पण आशय साधारण असा असतो : रस आहे, रस नाही, फोन उचलला नाही, नंबर चुकीचा आहे, नंतर फोन करायचा आहे, पुन्हा कधीही फोन करायचा नाही. पुढचे सगळे या एका निवडीवर अवलंबून असते. ‘नंतर फोन करायचा आहे’ असे नोंदवले गेले की तुमचा नंबर पुन्हा रांगेत लागतो आणि ठरलेल्या वेळी संगणक तो आपणहून लावतो. ‘आत्ता जरा कामात आहे, नंतर फोन करा’ हे तुमचे वाक्य ऐकून त्या मुलीने दुसरे काय नोंदवावे? तुम्ही तिला नकार दिलेला नाही, तुम्ही तिला वेळ दिलेली आहे. ‘मुलाशी बोलून कळवतो’ हे तर त्याहून आशादायक वाक्य आहे, कारण त्यातून या घरात या विषयावर चर्चा होणार आहे, असा अर्थ निघतो. जे शब्द तुम्ही समोरच्याला दुखवू नये म्हणून वापरता, तेच शब्द पुढचा फोन घेऊन येतात. आणि तो फोन आल्यावर, आपण इतक्या सौजन्याने वागूनही हे लोक ऐकत नाहीत, असे वाटून तुमचा राग वाढतो. तुमच्या रागाचा उगम तुमच्या भिडस्तपणात आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उघड शिवीगाळही याच कारणाने निरुपयोगी ठरते. चिडून आपटलेला फोन ‘रस नाही’ किंवा ‘संभाषण तुटले’ अशा खान्यात जातो, आणि त्या खान्यातले नंबर काही काळाने नव्या योजनेसाठी पुन्हा बाहेर काढले जातात. तुमचा नंबर शेवटच्या खान्यात, म्हणजे ‘पुन्हा कधीही फोन करायचा नाही’ या खान्यात जायला हवा, आणि तो तिथे नेण्यासाठी एक वाक्य स्पष्टपणे उच्चारावे लागते : “कृपया माझा नंबर तुमच्या यादीतून काढून टाका आणि मला पुन्हा फोन करू नका.” अनेक देशांत या वाक्याला कायद्याचे पाठबळ आहे. अमेरिकेत १९९१ च्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्याखालील नियमांनुसार कंपनीला अशी विनंती करणाऱ्यांची स्वतंत्र यादी ठेवावी लागते. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमावलीच्या २१ व्या कलमानुसार, थेट जाहिरातीसाठी माझी माहिती वापरू नका असे कोणी म्हटले की ती वापरणे थांबवावेच लागते, त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. जिथे कायदा इतका कडक नाही तिथेही या वाक्याचा फायदा असा की, ते ऐकल्यावर ‘नंतर फोन करायचा आहे’ अशी नोंद करण्याला काहीच आधार उरत नाही.

तेव्हा माझा पहिला नियम असा : गंमत वाटेल तशी करा, पण शेवट या वाक्यानेच करा. गंमत तुमच्या मनासाठी आहे आणि वाक्य यंत्रासाठी आहे. नुसती गंमत केलीत तर उद्या पुन्हा फोन येईल.

आता गंमत कोणत्या प्रकारची असावी याविषयी. माझ्या मते तिचा रोख संहितेवर असावा, ती वाचणाऱ्या माणसावर नसावा. विक्रीच्या फोनमधली वाक्ये कोणीतरी बसून आधीच लिहून ठेवलेली असतात. कोणत्या प्रश्नाने सुरुवात करायची, तुम्ही ‘नको’ म्हटल्यावर कोणते वाक्य बोलायचे, दुसऱ्यांदा ‘नको’ म्हटल्यावर कोणते, हे सर्व ठरलेले असते. संभाषणाचा ताबा प्रश्न विचारणाऱ्याकडे राहतो, हे या संहितेचे मर्म आहे. नेदरलँड्समधील कलावंत मार्टाइन एन्गेलब्रेख्ट यांनी १९९४ मध्ये हे नेमके ओळखले आणि ज्याला फोन येतो त्याच्यासाठी एक उलटी संहिता तयार केली. फोन आला की कागद समोर धरायचा आणि विक्रेत्यालाच क्रमाने प्रश्न विचारत जायचे, अशी ती कल्पना होती. तिच्यात कोणाचा अपमान नाही, आवाज चढवणे नाही, फक्त प्रश्न विचारणाऱ्याची जागा बदललेली आहे. या विषयावरचा इतका साधा आणि इतका सभ्य विनोद मला दुसरा ठाऊक नाही.

तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलेली असल्याने तुमच्याकडे याची आयतीच सोय आहे. कोणी कर्ज देऊ केले तर शांतपणे म्हणा, “देण्याची इच्छा आहे हे ऐकून आनंद झाला, परंतु मी अनोळखी व्यक्तीकडून कर्ज स्वीकारत नाही. आधी तुमच्या संस्थेने माझ्याकडे अर्ज करावा, सोबत दोन जामीनदारांची नावे द्यावीत आणि मला कर्ज देण्याची आपली पात्रता सिद्ध करावी. छाननीनंतर कळवण्यात येईल.” पलीकडच्या माणसाला हे ऐकून क्षणभर थांबावेच लागेल, कारण या उत्तराचे प्रत्युत्तर त्याच्या कागदावर नाही; आणि त्याला हसू आले तर तेही मनापासूनचे असेल, कारण दिवसभर कागदपत्रे मागण्याचे काम तोच करत असतो. मग लगेच, त्याच सुरात, यादीतून नाव काढण्याचे वाक्य बोला आणि फोन ठेवा.

किंवा एखाद्याने एका दमात सगळे निवेदन म्हणून टाकले तर त्याला शिक्षकाच्या मायेने सांगा, “उच्चार स्पष्ट आहेत. प्रस्तावना जरा लांबली. मुख्य मुद्दा शेवटी आला, तो आधी यायला हवा होता. विरामचिन्हांकडे लक्ष दिलेत तर निवेदन फार चांगले होईल.” हा अभिप्राय खराखुरा असू द्या. जो मुलगा दिवसभर लोकांची बोलणी खातो त्याला, आपले बोलणे कोणीतरी लक्ष देऊन ऐकले, याचा आनंद होण्याची शक्यता मला यात दिसते. विम्याचा फोन असेल आणि तो तुमचे वय, उत्पन्न, घरात कोण कोण असते असे विचारू लागला, तर प्रत्येक प्रश्नाला तोच प्रश्न परत करा : “माझे राहू द्या, तुमचा विमा उतरवलेला आहे का? किती रकमेचा? घरच्यांना कागद कुठे ठेवले आहेत हे माहीत आहे का?” यात तुमची कोणतीही माहिती बाहेर जात नाही आणि एखाद्याला घरी जाऊन खरोखरच कागद शोधावेसे वाटू शकते.

या सर्व उदाहरणांत तुमच्या लक्षात आले असेल की संभाषण छोटे आहे. मिनिटभरात ते संपले पाहिजे. लांबवलेली गंमत तुमचाच वेळ खाते, आणि आधीच वाचनाला वेळ मिळत नाही ही तर तुमची मूळ तक्रार आहे.

भाच्याच्या पद्धतीबद्दल मी स्पष्ट बोलते. तुम्हाला हसू आले नाही याचे कारण तुमची विनोदबुद्धी कमी आहे हे नव्हे. त्या विनोदाचे लक्ष्य चुकले आहे हे तुम्हाला जाणवले. फोन करणारी बहुतेक माणसे पगारासाठी ते काम करतात, दिवसाकाठी किती फोन केले आणि प्रत्येकावर किती वेळ गेला याचा हिशेब त्यांच्याकडून मागितला जातो, त्यांची संभाषणे ध्वनिमुद्रित होतात आणि वरिष्ठ ती ऐकतात. अर्धा तास गुंतवून शेवटी काहीच पदरात पडले नाही, याचा जाब त्या मुलाला विचारला जातो; कंपनीच्या मालकाला त्याची झळ लागत नाही. बोलण्याची नक्कल करणे तर सरळ अपमान आहे. एखादा विनोद चालेल की नाही हे तपासण्यासाठी मी एकच कसोटी वापरते : पलीकडची व्यक्ती हा प्रसंग आपल्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला हसत सांगू शकेल का? सांगू शकेल, तर विनोद बरोबर आहे. याशिवाय एक व्यावहारिक मुद्दा आहे, तो भाच्याला कदाचित अधिक पटेल. त्याने दाखवलेला खोटा रस ‘रस आहे’ या खान्यात नोंदवला जातो, असा नंबर मौल्यवान ठरतो, आणि मौल्यवान नंबर एका यादीतून दुसऱ्या यादीत जातात. घरात हसण्याची मैफल जमवून त्याने पुढच्या अनेक फोनांची तजवीज करून ठेवली आहे.

जिथे पलीकडे माणूसच नसतो, नुसता ध्वनिमुद्रित आवाज असतो, तिथे विनोद करू नका आणि त्याने सांगितलेले बटणही दाबू नका. ‘यादीतून नाव काढण्यासाठी अमुक आकडा दाबा’ असे तो आवाज म्हणेल, पण तो आकडा दाबल्याने हा नंबर चालू आहे आणि इथे ऐकणारा माणूस आहे, एवढेच पाठवणाऱ्याला कळते. फोन ठेवा, नंबर रोखून टाका.

फसवणुकीच्या फोनांबाबत तर मी तुम्हाला कळकळीने विनवते की तिथे गमतीचा मोह पूर्णपणे टाळा. बँकेतून बोलतो असे सांगून ओटीपी मागणारा, तुमच्या नावावर गुन्हा दाखल झाल्याची भीती घालणारा, फोनवर एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगणारा, ‘आत्ताच्या आत्ता’ आणि ‘घरात कोणाला सांगू नका’ असे बजावणारा माणूस विक्रेता नसतो. तो तुमच्याशी बोलत राहिला की त्याला तुमच्याबद्दल काही ना काही कळत जाते, आणि आपण त्याला खेळवतो आहोत असे वाटत असताना आपणच एखादी खरी गोष्ट बोलून जातो. अशांचा वेळ वाया घालवण्याचे काम यंत्रांवर सोपवलेले बरे, आणि तसे प्रयत्न झालेही आहेत. ‘लेनी’ नावाचा एक आवाज इंटरनेटवर प्रसिद्ध आहे : मोजक्या ध्वनिमुद्रित वाक्यांचा हा विसरभोळा म्हातारा समोरचा बोलायचा थांबला की पुढचे वाक्य म्हणतो, आपल्या मुलीबद्दल सांगतो, बदकांबद्दल सांगतो, आणि आपण यंत्राशी बोलतो आहोत हे पलीकडच्याला फार उशिरा कळते. ब्रिटनमधील ओ-टू या दूरध्वनी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘डेझी’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची आजी लोकांसमोर आणली. विणकाम आणि घरच्यांच्या गोष्टी सांगत फसवणाऱ्यांना शक्य तितका वेळ अडकवून ठेवणे हेच तिचे काम. या आजीला बँक खाते नाही आणि भीतीही वाटत नाही, म्हणून तिला हे शोभते. तुम्ही मात्र फोन ठेवा, आणि तो खरा असेल अशी शंका उरलीच तर बँकेच्या पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करून विचारा.

इथेही शिव्या देऊ नका, हे मी मुद्दाम सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेले असावे, असा अंदाज दिला आहे. नोकरीच्या आमिषाने नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली, मारहाण सोसणारी ही माणसे आहेत. पलीकडे कोण आहे हे आपल्याला कळत नाही. म्हणून काही न बोलता फोन ठेवणे हेच योग्य.

तुम्ही ज्या गृहस्थांना उलट फोन केलात त्यांचेही कोडे आता उलगडेल. पडद्यावर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो. लोकांनी विश्वासाने फोन उचलावा म्हणून पुष्कळदा त्यांच्याच नंबराशी जुळणारे सुरुवातीचे आकडे निवडले जातात, आणि तो नंबर प्रत्यक्षात कोणा निरपराध माणसाचा असू शकतो. त्या गृहस्थांना त्या दिवशी तुमच्यासारखे आणखी किती संतापलेले फोन आले असतील कोण जाणे. त्यांना एक छोटा संदेश पाठवून क्षमा मागायला हरकत नाही. त्या मुलीपर्यंत पोहोचणे शक्य नाही, पण यांच्यापर्यंत आहे.

सरकारी नोंदवहीबद्दल थोडक्यात सांगते, कारण विनोदाच्या भरात लोक ती नोंदणीच करायची विसरतात. ब्रिटनमध्ये १९९९ पासून, अमेरिकेत २००३ पासून आणि भारतात २००७ पासून, ज्यांना जाहिरातीचे फोन नको आहेत त्यांच्या नंबरांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तुमचा नंबर अजून नोंदवलेला नसेल तर हे आधी करा. मात्र या नोंदणीने सगळे थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. ज्या कंपनीला तुम्हीच एखाद्या अर्जात बारीक अक्षरांतील चौकटीवर खूण करून संमती दिली आहे ती फोन करत राहू शकते, आणि फसवणारे कोणतीच यादी पाहत नाहीत. तक्रार करताना तारीख, वेळ, नंबर आणि कंपनीचे नाव लागते, म्हणून फोनजवळ एक वही ठेवा. ‘आपण कोणत्या संस्थेतून बोलता, आणि माझा नंबर आपल्याला कोठून मिळाला?’ हे दोन प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्या. हे प्रश्न ऐकताच घाईघाईने फोन ठेवणारे लोकही भेटतील, आणि त्यांच्या बाबतीत तुमचे काम न बोलताच झालेले असेल.

नंबर कोणाला द्यायचा यावरची एक सत्यकथा मला फार आवडते. इंग्लंडमधील लीड्स शहरातल्या एका गृहस्थाने २०११ मध्ये, फोन करणाऱ्यालाच ज्यादा आकार पडतो आणि त्यातला वाटा नंबरधारकाला मिळतो, अशा प्रकारचा नंबर स्वतःसाठी घेतला, आणि कंपन्यांनी नंबर मागितला की तो हाच देऊ लागला. विक्रीचे फोन आले की त्याची कमाई होऊ लागली; मग तो विक्रेत्यांशी आवडीने बोलू लागला. पुढे फोन कमी झाले. तेथील नियामक संस्थेने लोकांनी हा मार्ग धरू नये असे सांगितले, आणि मीही तो सुचवत नाही. पण ज्या फोनांनी त्याला वैताग आणला होता तेच फोन त्याने हवेहवेसे करून दाखवले, ही दृष्टी घेण्यासारखी आहे.

आता टपाल. इथे तुमच्यासमोर माणूस नसल्यामुळे विनोदाला अधिक मोकळीक आहे. नेदरलँड्समध्ये टपालपेटीवर ‘नाही–नाही’ किंवा ‘नाही–होय’ असे लहान स्टिकर लावतात. पहिला शब्द बिननावी जाहिरातींसाठी आणि दुसरा फुकट वाटल्या जाणाऱ्या स्थानिक वृत्तपत्रांसाठी असतो. ॲमस्टरडॅमने २०१८ मध्ये हा नियम उलटा केला : ज्याने ‘होय’ लावले असेल त्याच्याच पेटीत जाहिराती टाकायच्या. जिथे असा नियम नाही तिथेही पाटी लावता येते, आणि पाटी मजेदार असली की ती वाचली जाते. “या पेटीला जाहिराती पचत नाहीत. कृपया फक्त पत्रे घालावीत,” असे सुवाच्य अक्षरांत लिहा. पत्रके वाटणारी मुलेही मजुरीवरच काम करतात. त्यांना हसू आणणारी पाटी दरडावणाऱ्या पाटीपेक्षा केव्हाही बरी.

पाकिटांबरोबर कधी कधी उत्तरासाठी एक छापील पाकीट येते, ज्याचा टपालखर्च पाठवणाऱ्या कंपनीने उचललेला असतो, आणि तोही ते पाकीट परत आले तरच. ही पाकिटे विटांना चिकटवून पाठवावीत, असा एक जुना सल्ला फिरत असतो. तो मानू नका. अमेरिकी टपाल खाते असे पार्सल कचरा समजून टाकून देते, आणि ते उचलण्याचे कष्ट कंपनीला पडत नाहीत, टपाल कर्मचाऱ्याला पडतात. त्याऐवजी त्या पाकिटाचा उपयोग ज्यासाठी ते दिले आहे त्यासाठीच करा. त्यांचेच पत्रक घ्या, लाल शाईने शुद्धलेखन तपासा, गुण द्या, खाली शेरा लिहा : “मजकूर आकर्षक, पण पत्ता चुकला. कृपया हे नाव यादीतून वगळावे.” यात तुमचे नाव आणि पत्ता त्यांच्याकडे आहे तेवढाच जाऊ द्या, सही, फोन नंबर, जन्मतारीख असे काहीही नवे देऊ नका.

दिवंगत भावाच्या नावाने येणाऱ्या पाकिटांवर विनोद करण्याची सक्ती स्वतःवर करू नका. ती पाकिटे न उघडता त्यांवर ‘संबंधित व्यक्ती हयात नाही, पाठवणाऱ्याकडे परत’ असे लिहून टपालात द्या, आणि ज्या संस्थेची पाकिटे वारंवार येतात तिला एकदा स्वतंत्र पत्र लिहून नाव काढायला सांगा. हे काम हवे तर भाच्याकडे सोपवा. मामांच्या आठवणींसाठी केलेले ते एक चांगले काम होईल.

तुमचे नाव कोण कोणाला देते हे शोधण्याची एक युक्ती मात्र खरोखर मजेची आहे. बिनमहत्त्वाच्या ठिकाणी, म्हणजे स्पर्धा, प्रदर्शन किंवा नमुना वाटप अशा जागी नाव देताना प्रत्येक वेळी मधले अक्षर वेगळे द्या आणि वहीत टिपून ठेवा. काही महिन्यांनी भलत्याच कंपनीचे पाकीट त्या विशिष्ट अक्षरासह आले की माग लागला. सरकारी, बँकेच्या किंवा वैद्यकीय कागदांवर हे अजिबात करू नका. ईमेलमध्ये हीच सोय अधिक सोपी आहे : अनेक सेवांमध्ये आपल्या पत्त्यातील नावानंतर अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी पत्र तुमच्याकडेच येते, म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द जोडलेला पत्ता देता येतो.

ईमेलचा त्रास नवा नाही. ३ मे १९७८ च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्यूर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांना आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात पाठवली, आणि ती या जातीची पहिली ईमेल मानली जाते. त्यावर तक्रारी झाल्या, पण त्यातून विक्रीही झाली असे थ्यूर्क सांगत आले. हजारातल्या एकाने जरी खरेदी केली तरी पाठवणाऱ्याला परवडते, कारण पाठवण्याचा खर्च जवळपास नसतो. म्हणून तुमच्या विनोदी उत्तराने इथे कोणाचे मन बदलेल असे नाही. ओळखीच्या, खऱ्या कंपनीची पत्रे असतील तर खालच्या ‘अनसबस्क्राइब’ दुव्याचा उपयोग करा. २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने जाहिराती पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय देणे बंधनकारक केले आहे. अनोळखी पत्राला मात्र उत्तर देऊ नका, त्यातील दुवा उघडू नका, आणि चित्रे आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवा, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या एका ठिपक्याएवढ्या चित्रावरून पत्र उघडले गेल्याचे पाठवणाऱ्याला कळते. इथली गंमत घरातच ठेवा. एखाद्या परदेशी राजपुत्राने मोडक्या मराठीत तुमच्या नावे संपत्ती ठेवली असेल, तर ते पत्र पत्नीला मोठ्याने वाचून दाखवा, त्यातल्या चुका दोघे मिळून मोजा आणि मग पुसून टाका.

आणि एक शेवटची सूचना. पत्रावरून मला असे दिसते की तुमच्या घरात खरी विनोदबुद्धी तुमच्या पत्नीकडे आहे. काही दिवस फोन त्यांना घेऊ द्या. तुम्ही शेजारी वही घेऊन बसा, कंपनीचे नाव आणि वेळ टिपा, आणि यादीतून नाव काढण्याचे वाक्य त्यांना बोलायचे राहिले तर खूण करून आठवण द्या.

तुमची,
ताई